काढून पुन्हा टाकलं तरी तीच अडचण: उबुंटू-डेबियनवरून सॉफ्टवेअर मुळासकट काढताना

अडचण सांगायला सोपी आहे. एखादी सेवा सुरू होत नाही, किंवा ॲप उघडतं न उघडतं तोच बंद पडतं. आपण ते काढून टाकतो, पुन्हा इन्स्टॉल करतो, आणि तीच चूक त्याच शब्दांत पुन्हा समोर येते. मग कुणीतरी सल्ला देतं की त्याचं फोल्डरच उडवून टाक. ते उडवलं की आधी निदान अर्धवट चालणारं सॉफ्टवेअर पुरतं थांबतं. शेवटी फॉरमॅट मारून नवी सिस्टीम टाकली जाते आणि लिनक्सचं हे असंच असतं, असा समज पक्का होतो.

फॉरमॅटची गरज अशा प्रसंगी जवळजवळ कधीच नसते. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट या घराण्यात पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या या अडचणीमागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: सॉफ्टवेअर ज्या वाटेने आलं, त्या वाटेने ते गेलेलंच नसतं. पॅकेज मॅनेजरच्या (सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या व्यवस्थेच्या) नोंदीत एक असतं, डिस्कवर दुसरं असतं आणि तुमच्या होम फोल्डरमध्ये तिसरंच काही उरलेलं असतं. या तिन्हींचा मेळ बसवला की अडचण सुटते.

या लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. चिन्हं, डॅश आणि तिरक्या रेघा आहेत तशाच ठेवायच्या. 'नाव' लिहिलंय तिथे त्या ॲपचं नाव घालायचं.

आधी ते आलं कुठून ते बघा

काढायची घाई करू नका. एकच ॲप आज चार-पाच वाटांनी सिस्टीमवर येऊ शकतं: ॲप्टने (उबुंटू-डेबियनचा नेहमीचा पॅकेज मॅनेजर), स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज व्यवस्थांनी, पायथनच्या पिपने, किंवा कुणीतरी सोर्स कोड आणून बांधल्यामुळे. अनेकदा तेच ॲप दोन वाटांनी आलेलं असतं. तुम्ही एक प्रत काढता आणि दुसरी चालत राहते. मग 'काढलं तरी जात नाही' अशी तक्रार होते, आणि ती अक्षरशः खरी असते.

टाइप -ए नाव

ही आज्ञा त्या नावाच्या सगळ्या प्रती दाखवते, आणि शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) त्या कुठल्या क्रमाने शोधतं तेही त्यातच दिसतं. उत्तर /युएसआर/बिन असं आलं तर बहुधा ॲप्टचं काम आहे. /युएसआर/लोकल/बिन आलं तर कुणीतरी हाताने टाकलेलं आहे. /स्नॅप/बिन आलं तर स्नॅप. होममधल्या .लोकल/बिनमध्ये सापडलं तर पिप किंवा पिपेक्स (पायथनची ॲप्स स्वतंत्र ठेवणारं साधन). डेबियन-उबुंटूत नेहमीच्या मांडणीत /युएसआर/लोकल/बिन हे /युएसआर/बिनच्या आधी शोधलं जातं, त्यामुळे हाताने टाकलेली जुनी प्रत ॲप्टने आणलेल्या नव्या प्रतीला झाकून टाकते. तुम्ही ॲप्टमधून कितीही वेळा नवं व्हर्जन टाका, चालणार ते जुनंच.

फाइलचा मालक कोण हे ॲप्टच्या खाली काम करणाऱ्या डीपीकेजीला विचारायला:

डीपीकेजी --सर्च /युएसआर/बिन/नाव

पॅकेजचं नाव आलं तर ती फाइल नोंदीतली आहे. 'नो पाथ फाउंड' आलं तर पॅकेज मॅनेजरला तिची खबरच नाही, आणि ॲप्टची कुठलीही आज्ञा तिला हात लावणार नाही. ॲप्ट पॉलिसी नाव ही आज्ञा त्यापुढचं सांगते: कुठलं व्हर्जन बसलेलं आहे आणि ते कुठल्या भांडारातून आलं. अडचण सोडवायला बसताना हे काम सर्वांत आधी करावं.

रिमूव्ह आणि पर्ज यांतला फरक, आणि हाताने फाइल उडवल्यावर काय होतं

ॲप्ट रिमूव्ह केलं की प्रोग्रॅमच्या फाइली जातात, पण /ईटीसीमधल्या सेटिंगच्या फाइली मुद्दाम ठेवल्या जातात. यामागचा विचार चांगला आहे: उद्या तेच सॉफ्टवेअर परत टाकलं तर केलेलं काम वाया जाऊ नये. पण सेटिंगच बिघडलेलं असेल तर तेच बिघडलेलं सेटिंग नव्या इन्स्टॉलेशनला मिळतं. काढून टाकलेल्या पण सेटिंग मागे ठेवलेल्या पॅकेजपुढे डीपीकेजीच्या यादीत 'आरसी' ही दोन अक्षरं दिसतात. नीट बसलेल्या पॅकेजपुढे 'आयआय' असतं.

डीपीकेजी --लिस्ट | ग्रेप ^आरसी

वर्षानुवर्षं वापरलेल्या मशीनवर ही यादी बरीच लांब निघते. जमीन विकली, पण सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव राहिलं, तशी ही अवस्था आहे. एखादं पॅकेज सेटिंगसकट घालवायचं असेल तर (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने):

सुडो ॲप्ट पर्ज पॅकेजचं-नाव

आधी रिमूव्ह केलेलं असलं तरी पर्ज नंतर चालतं. ते पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही. ॲप्ट २.० पासून, म्हणजे उबुंटू २०.०४ पासून, सगळ्या 'आरसी' पॅकेजांची यादी ॲप्ट लिस्ट '~सी' ने मिळते. पर्ज '~सी' ने ती एकदम साफ करता येतात, पण यादी वाचल्याशिवाय हे करू नका.

आता खरी गोम. समजा अपाचे हा वेब सर्व्हर चालत नाही म्हणून कुणी सुडो आरएम -आरएफ /ईटीसी/अपाचे२ केलं आणि मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल अपाचे२ चालवलं. अपेक्षा अशी की सगळ्या फाइली ताज्या होऊन येतील. प्रत्यक्षात अपाचे२.कॉन्फ ही मुख्य फाइल परत येत नाही, सेवा सुरू होत नाही, आणि लॉगमध्ये सेटिंगची फाइल सापडत नाही असं लिहिलेलं असतं. कितीही वेळा रीइन्स्टॉल करा, तेच होतं.

हा बिघाड नाही. ज्या फाइली पॅकेजने 'कॉन्फफाइल' म्हणून जाहीर केल्या आहेत, त्यांची नावं आणि मूळ चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) डीपीकेजी /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस या फाइलीत ठेवतं. पुन्हा इन्स्टॉल करताना त्याला दिसतं की फाइल नोंदीत आहे पण डिस्कवर नाही. त्यावरून ते असं ठरवतं की सिस्टीम चालवणाऱ्याने ती जाणूनबुजून काढली आहे आणि त्याच्या निर्णयाचा मान राखायला हवा. म्हणून ते ती फाइल परत आणत नाही. नुसतं रिमूव्ह करून परत टाकलं तरी हेच, कारण 'आरसी' अवस्थेत ही नोंद शाबूत असते.

उपाय दोन आहेत. त्या पॅकेजमधलं काहीच राखायचं नसेल तर पर्ज करा आणि मग इन्स्टॉल करा. पर्जमुळे नोंदच पुसली जाते. बाकीचं सेटिंग ठेवून फक्त हरवलेल्या फाइली परत हव्या असतील तर:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल -ओ डीपीकेजी::ऑप्शन्स::="--फोर्स-कॉन्फमिस" अपाचे२

इथे 'डीपीकेजी'मधलं पहिलं डी आणि 'ऑप्शन्स'मधलं पहिलं ओ ही दोनच अक्षरं मोठी असतात. दोन्हीपैकी काहीही करण्याआधी /ईटीसी/अपाचे२ चं जे उरलं असेल त्याची टार फाइल (सगळ्या फाइलींचा एक गठ्ठा) करून बाजूला ठेवा. तुम्ही हाताने लिहिलेल्या व्हर्च्युअल होस्टच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये असतात.

काही पॅकेजं सेटिंगच्या फाइली कॉन्फफाइल म्हणून जाहीर न करता यूसीएफ नावाच्या वेगळ्या साधनाकडे सोपवतात. पीएचपीची पीएचपी.आयएनआय ही त्यातलीच. तिथे फोर्स-कॉन्फमिसचा उपयोग होत नाही; यूसीएफ_फोर्स_कॉन्फमिस=१ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून ते पॅकेज रीइन्स्टॉल करावं लागतं. याचं स्पेलिंग जरा विचित्र आहे: मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि 'कॉन्फ'मध्ये एफ दोनदा येतो. सुडो हे व्हेरिएबल गाळून टाकू शकतं, म्हणून ते सुडो या शब्दाच्या नंतर, त्याच ओळीत लिहा.

डेटाबेसच्या बाबतीत पर्ज करताना फार सांभाळून. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी पर्ज करताना डेटाही काढायचा का, असं विचारलं जातं. 'हो' म्हटलं की /व्हार/लिब/मायएसक्यूएल जातं आणि ते परत येत नाही. 'नाही' म्हटलं आणि नंतर मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी टाकलं, किंवा उलट केलं, तर नवा सर्व्हर जुन्याच डेटा फोल्डरवर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, त्याचं स्वरूप जुळत नाही आणि इन्स्टॉलेशन मध्येच लटकतं. उबुंटूत अशा वेळी /ईटीसी/मायएसक्यूएलमध्ये फ्रोझन नावाची फाइल तयार झालेली दिसू शकते. डेटाला इजा होऊ नये म्हणून पॅकेजने स्वतःला रोखून धरलंय, असा तिचा अर्थ. ती नुसती पुसून पुढे जाऊ नका. आधी डंप (डेटाची बाहेर काढलेली प्रत) घ्या. सर्व्हर चालूच होत नसेल तर अख्खं डेटा फोल्डर दुसऱ्या नावाने बाजूला हलवा आणि मगच स्वच्छ इन्स्टॉल करा.

सेवांच्या बाबतीत आणखी एक जागा सुटते. सेवा सांभाळणाऱ्या सिस्टीमसीटीएलची एडिट आज्ञा वापरून तुम्ही एखाद्या सेवेत बदल केला असेल तर तो /ईटीसी/सिस्टीमडी/सिस्टीममध्ये ओव्हरराइड.कॉन्फ म्हणून राहतो. तो पॅकेजचा नसतो, त्यामुळे पर्ज त्याला शिवत नाही. सिस्टीमसीटीएल कॅट सेवेचं-नाव केलं की सेवेची मूळ फाइल आणि तिला जोडलेले सगळे तुकडे एकाखाली एक दिसतात. जुन्या मार्गाकडे बोट दाखवणारी एखादी ओळ तिथे हमखास सापडते.

होम फोल्डर: जिथे पर्ज पोचतच नाही

पर्ज केलं, नव्याने टाकलं, तरी ॲप तसंच वागतंय, तर कारण बहुधा तुमच्या होममध्ये आहे. सिस्टीमचं पॅकेज वापरकर्त्याच्या होम फोल्डरला हात लावत नाही. हा डेबियनचा जुना आणि रास्त दंडक आहे, कारण तिथली प्रत्येक फाइल वापरकर्त्याची मानली जाते. ब्राउझरचं प्रोफाइल, एडिटरची सेटिंग्ज, खेळांचे सेव्ह, सगळं तिथेच राहतं: ~/.कॉन्फिग, ~/.लोकल/शेअर, ~/.कॅशे, आणि जुन्या ॲप्सच्या बाबतीत थेट ~/.नाव अशा लपलेल्या फोल्डरमध्ये.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे मशीनवर नवा वापरकर्ता तयार करा, त्याच्या खात्यात लॉगिन करा आणि ॲप उघडा. तिथे नीट चाललं तर पॅकेज ठणठणीत आहे. दोष तुमच्या होममधल्या फाइलीत आहे. मग ॲप बंद करून त्याच्या फोल्डरचं नाव बदला, पुसू नका. नाव बदलल्यावर चाललं तर जुन्या फोल्डरमधून हवं तेवढंच परत आणता येतं. ग्नोम या डेस्कटॉपच्या ॲप्सची बरीच सेटिंग्ज मात्र ~/.कॉन्फिग/डीकॉन्फ/युजर या एकाच फाइलीत एकत्र असतात. ती पुसली तर सगळ्या डेस्कटॉपची घडी मोडते. तिथे डीकॉन्फ रीसेट -एफ आणि त्या ॲपचा मार्ग एवढंच चालवा.

मराठीत टाइप करणाऱ्यांना भेडसावणारी एक अडचण याच जातीची आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. उबुंटूत मराठी टंकनासाठी साधारणपणे आयबस हे साधन असतं आणि त्याला आयबस-एम१७एन जोडलं की मराठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स असे कळफलक मिळतात. काही जण मध्ये एफसीटेक्स हे तसंच दुसरं साधन वापरून बघतात. ते टाकताना कुठल्यातरी मार्गदर्शिकेत सांगितलेलं असतं की ~/.प्रोफाइल, ~/.एक्सप्रोफाइल किंवा /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट या फाइलीत तीन ओळी घाला: जीटीके_आयएम_मॉड्यूल, क्यूटी_आयएम_मॉड्यूल आणि एक्समॉडिफायर्स, पहिल्या दोन्हींची किंमत एफसीटेक्स, तिसरीची @आयएम=एफसीटेक्स. पुढे एफसीटेक्स आवडत नाही म्हणून ते पर्ज करून पुन्हा आयबसवर यायचं ठरतं. आयबस चालू असतं, वरच्या पट्टीत 'मराठी' निवडलेलंही दिसतं, पण काही ॲप्समध्ये देवनागरी उमटते आणि काहींत नुसती रोमन अक्षरं. आयबस कितीही वेळा काढून पुन्हा टाकलं तरी फरक पडत नाही.

फरक पडणार तरी कसा? त्या तीन ओळी तुम्ही स्वतः लिहिलेल्या आहेत. कुठल्याच पॅकेजच्या नोंदीत त्या नाहीत. लॉगिन झाल्या झाल्या ॲप्सना सांगितलं जातं की अक्षरं एफसीटेक्सकडून घ्या, एफसीटेक्स तर मशीनवर नाही, मग जीटीके (ग्नोमच्या ॲप्समागची लायब्ररी) वापरणारी ॲप्स साध्या कीबोर्डवर परत जातात. तपासायला:

प्रिंटएन्व्ह | ग्रेप -आय आयएम_मॉड्यूल

इथे एफसीटेक्सचं नाव दिसलं तर ते कुठून येतंय ते शोधा. वर सांगितलेल्या तिन्ही फाइली, शिवाय ~/.पॅम_एन्व्हायर्नमेंट आणि ~/.कॉन्फिग/एन्व्हायर्नमेंट.डी हे फोल्डर, यांत ग्रेपने ते नाव शोधा. आयएम-कॉन्फिग हे साधन आपली निवड ~/.एक्सइनपुटआरसीमध्ये ठेवतं, तीही बघा. सापडलेल्या ओळींपुढे हॅश लावून त्या बंद करा, लॉगआउट होऊन पुन्हा लॉगिन करा. नुसतं टर्मिनल बंद करून उघडणं पुरत नाही, कारण ही व्हेरिएबल्स सत्र सुरू होतानाच वाचली जातात. बहुतेकांची मराठी इथेच परत येते.

फाँटचंही तेच. ~/.फाँट्स किंवा ~/.लोकल/शेअर/फाँट्समध्ये कधीतरी टाकलेली देवनागरी फाँटची जुनी प्रत सिस्टीमच्या ताज्या फाँटऐवजी वापरली जाते आणि जोडाक्षरं तुटलेली दिसतात. एफसी-लिस्ट :लँग=एमआर केलं की मराठी दाखवू शकणारे सगळे फाँट त्यांच्या मार्गासकट दिसतात. होममधली प्रत बाजूला काढून एफसी-कॅशे -एफ चालवा.

काढताच येत नाही तेव्हा

कधी पॅकेज निघायलाच तयार नसतं. ॲप्ट सांगतं की प्री-रिमूव्हल किंवा पोस्ट-रिमूव्हल स्क्रिप्ट चुकीचा एक्झिट स्टेटस देऊन थांबली. त्यानंतर दुसरं काही टाकायला गेलं तरी हीच चूक आधी येते, म्हणजे एका पॅकेजने सगळी रांग अडवलेली असते.

पॅकेज निघतं तेव्हा आधी त्याची प्रीआरएम स्क्रिप्ट चालते, मग फाइली पुसल्या जातात, मग पोस्टआरएम चालते. पर्ज असेल तर सेटिंगच्या फाइली गेल्यावर पोस्टआरएम आणखी एकदा चालते. या स्क्रिप्ट /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या स्वरूपात असतात आणि वाचता येतात. डेबियनच्या स्वतःच्या भांडारातल्या स्क्रिप्ट सहसा दगा देत नाहीत. दगा देतात त्या बाहेरून आणलेल्या डेब फाइलींच्या (सुट्या पॅकेजांच्या): प्रिंटरचे ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनची सॉफ्टवेअरं, ऑफिसचं व्हीपीएन.

नेहमीचा प्रसंग असा: ते सॉफ्टवेअर /ऑप्टमध्ये बसलेलं असतं, कुणीतरी /ऑप्टमधलं फोल्डर आधीच हाताने उडवलेलं असतं, आणि प्रीआरएम स्क्रिप्ट त्याच फोल्डरमधला 'सेवा थांबवा' प्रोग्रॅम शोधायला जाते. तो नसतो, स्टेटस १२७ येतो, सगळं थांबतं. चूक नेमक्या कुठल्या ओळीवर होते हे कळायला स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीत सेट -एक्स घाला आणि काढण्याची आज्ञा पुन्हा द्या. चालणारी प्रत्येक ओळ पडद्यावर दिसत जाते. मूळ डेब फाइल हाताशी असेल तर ती डीपीकेजी-डेब -एक्स ने एका वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा, स्क्रिप्टला हवी ती फाइल तिथून मूळ जागी कॉपी करा आणि मग पर्ज करा. डेब फाइल थेट मुळाशी, म्हणजे नुसत्या / वर उघडू नका. सिस्टीमच्या जोडण्या त्याने तुटू शकतात. डेब फाइल मिळतच नसेल तर स्क्रिप्टची एक प्रत ठेवून अडणाऱ्या ओळीच्या शेवटी || ट्रू जोडा. पॅकेज निघून जातं आणि स्क्रिप्टमधली बाकीची साफसफाईही होते. पूर्ण स्क्रिप्ट पुसून टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण स्क्रिप्टच नसेल तर तिने काढायचे वापरकर्ते आणि सेवा तशाच मागे राहतात.

इन्स्टॉलेशन मध्येच वीज गेल्याने अडकलं असेल तर आधी एवढं पुरतं:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

याने भागत नसेल तर डीएफ -एच करून जागा बघा. /बूट वेगळं पार्टिशन असेल आणि जुन्या कर्नलांनी भरलेलं असेल तर इनिट्रॅमएफएस (मशीन सुरू होताना कर्नलला लागणारी फाइल) लिहायला जागा उरत नाही, आणि ज्या पॅकेजचा याच्याशी काही संबंध नाही तेही अर्धवट अडकलेलं दिसतं.

लॉकची फाइल पुसा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. /व्हार/लिब/डीपीकेजीमधली लॉक फाइल कायमच तिथे असते. कुलूप तिच्या असण्यात नसतं, चालू प्रोसेसने तिच्यावर घेतलेल्या ताब्यात असतं. सुडो एलसॉफ आणि त्या फाइलीचा मार्ग दिला की ताबा कुणाकडे आहे ते कळतं. बहुतेक वेळा ते आपोआप चालणारं अपडेट असतं. त्याला दहा मिनिटं द्या.

आपोआप आलेली पॅकेजं आणि ऑटोरिमूव्ह

एका ॲपबरोबर पाच-पन्नास लायब्ररी येतात. कुठली आपण मागितली आणि कुठली त्या ॲपसाठी आली याची नोंद ॲप्ट ठेवतं, म्हणून ॲप गेल्यावर ॲप्ट ऑटोरिमूव्हने बाकीचीही जातात. ते पर्जसकट करायचं तर ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज.

धोका असा की काही वेळा तुम्ही एखादं लहानसं ॲप काढता, त्याबरोबर डेस्कटॉपचं मेटापॅकेज (इतर पॅकेजं एकत्र आणणारं पॅकेज) निघतं आणि मग ऑटोरिमूव्हला वाटतं की त्या मेटापॅकेजमुळे आलेलं सगळंच आता बिनकामाचं आहे. यादीत तुमच्या कामाचं काही दिसलं तर सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल आणि पॅकेजचं नाव द्या; ते राहतं. 'वाय' दाबण्याआधी निघणाऱ्या पॅकेजांची यादी पूर्ण वाचा, हे मी कळकळीने सांगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या एका व्हिडिओत, उबुंटूवर आधारलेल्या पॉप ओएसवर स्टीम हे खेळांचं ॲप टाकताना पॅकेजांच्या व्हर्जनमधल्या विसंगतीमुळे ॲप्टने अख्खा डेस्कटॉप काढायचा प्रस्ताव दिला, समोर ठळक इशारा होता, आणि व्हिडिओ करणाऱ्या अनुभवी माणसानेही तो मंजूर केला. डेस्कटॉप गेला. त्यानंतर ॲप्टमध्ये बदल झाले आणि अत्यावश्यक पॅकेजं काढणारा तोडगा ते असं सहज पुढे करत नाही. तरीही तुमच्या दृष्टीने काय अत्यावश्यक आहे ते ॲप्टला ठाऊक नसतं.

बाहेरची भांडारं

पीपीए (उबुंटूसाठी कुणी बाहेरच्याने चालवलेलं भांडार) काढलं म्हणजे त्यातून आलेली पॅकेजं गेली असं होत नाही. ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी --रिमूव्ह केल्याने फक्त भांडाराचा पत्ता जातो. पॅकेज तिथलंच राहतं, त्याचं व्हर्जन उबुंटूच्या व्हर्जनपेक्षा वरचं असतं, ॲप्ट आपण होऊन खाली उतरत नाही, आणि काही महिन्यांनी दुसरं काही टाकताना 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' ही चूक येते. ॲप्ट पॉलिसीमध्ये बसलेल्या व्हर्जनखाली फक्त /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस एवढाच उगम दिसला, तर ते व्हर्जन आता कुठल्याच भांडारात नाही. पीपीए-पर्ज नावाचं छोटं साधन पीपीए बंद करतं आणि त्यातली पॅकेजं उबुंटूच्या व्हर्जनवर परत आणतं. ते पीपीए काढण्याआधी चालवलेलं उत्तम. बाकी भांडारांसाठी /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डीमधली फाइल आणि /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्जमधली तिची किल्ली, दोन्ही काढा.

सोर्सवरून आणि पिपने टाकलेलं

सुडो मेक इन्स्टॉल केलं की फाइली /युएसआर/लोकलमध्ये पसरतात आणि कुणाच्याच नोंदीत येत नाहीत. सोर्सचं फोल्डर अजून असेल तर त्यात सुडो मेक अनइन्स्टॉल करून बघा. ही सोय प्रत्येक प्रकल्पात नसते. सीमेक या बांधणीच्या साधनाने बांधलं असेल तर बिल्ड फोल्डरमध्ये इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी असते आणि तिच्यात टाकलेल्या प्रत्येक फाइलीचा मार्ग असतो. सोर्स फोल्डर पुसून टाकलं असेल तर तेच व्हर्जन पुन्हा आणा, बांधा आणि वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करून फाइलींची यादी मिळवा; मग /युएसआर/लोकलमधून तेवढ्याच काढा. पुढच्या वेळी प्रीफिक्स देऊन /युएसआर/लोकल/स्टो/नाव अशा स्वतंत्र फोल्डरमध्ये टाका आणि ग्नू स्टो या साधनाने /युएसआर/लोकलला जोडा. काढताना स्टो -डी (मोठा डी) एवढंच.

पिपचं दुखणं वेगळं आहे. सुडो पिप इन्स्टॉलने आलेली लायब्ररी ॲप्टच्या पायथन लायब्ररीला झाकते आणि सिस्टीमचीच साधनं मोडतात. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पिप असं करायला नकार देतं आणि 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असं सांगतं. तो नकार मोडून काढणारा पर्याय वापरू नका. ॲपसाठी पिपेक्स वापरा, प्रकल्पासाठी व्हेनव्ह (त्या प्रकल्पापुरतं वेगळं पायथन). काढायचं तेव्हा व्हेनव्हचं फोल्डर पुसलं की झालं.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक

स्नॅप रिमूव्ह केल्यावर डेटाचा स्नॅपशॉट ठेवला जातो, सर्वसाधारणपणे ३१ दिवस. डिस्कची जागा लगेच मोकळी होत नाही ती त्यामुळे. स्नॅप सेव्ह्डने यादी बघा, स्नॅप फर्गेटने काढा, किंवा सुरुवातीलाच स्नॅप रिमूव्ह --पर्ज करा. उबुंटू २२.०४ पासून ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स केलं तरी येतं ते स्नॅपच, हे माहीत नसेल तर शोधाशोध भलत्याच ठिकाणी होते. फ्लॅटपॅकचा डेटा ~/.व्हार/ॲपमध्ये असतो, फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --डिलीट-डेटा तो घेऊन जातं, आणि रिकामे पडलेले रनटाइम --अनयूज्डने जातात.

फेडोरा या दुसऱ्या घराण्यातल्या लिनक्सवर असाल तर त्याच्या डीएनएफ या पॅकेज मॅनेजरच्या हिस्टरीमध्ये प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक असतो आणि डीएनएफ हिस्टरी अनडू क्रमांक असं करून तो उलटवता येतो. तुम्ही बदललेल्या सेटिंगच्या फाइली काढताना .आरपीएमसेव्ह या शेपटाने मागे राहतात. आर्च लिनक्सवर पॅकमॅन -आरएनएस (आर मोठा, बाकी लहान) हे पर्ज आणि ऑटोरिमूव्ह एकत्र करतं. होम फोल्डर मात्र या दोन्हीकडेही तुम्हालाच बघावं लागतं.

एवढं करूनही सुटलं नाही आणि कुणाची मदत मागायची असेल, तर पडद्याचा फोटो पाठवू नका. /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉगमध्ये कुठली आज्ञा कधी दिली आणि काय आलं-गेलं ते असतं, आणि त्याच फोल्डरमधल्या टर्म.लॉगमध्ये डीपीकेजीने छापलेला पूर्ण मजकूर. जिथे पहिली चूक दिसते तिथपासूनचा भाग मजकूर म्हणून द्या, जोडीला ॲप्ट पॉलिसी आणि टाइप -ए यांचं उत्तर. शेवटची चूक बहुधा पहिल्या चुकीचा परिणाम असते, त्यामुळे फक्त शेवटच्या दोन ओळी दिल्या तर समोरचाही अंदाजच बांधत बसतो.